उत्तर पाठ नसेल तर काढायचं कसं? क्विझमधले भूगोल आणि मनोरंजनाचे प्रश्न

एक प्रश्न घ्या. ‘शहराचा आराखडा लुसिओ कोस्टा यांचा, इमारती ऑस्कर नीमायर यांच्या. वरून पाहिलं तर हे शहर विमानासारखं दिसतं. २१ एप्रिल १९६० रोजी या देशाने आपला कारभार समुद्रकाठावरून आतल्या पठारावर नेला. त्याआधी राजधानी कुठे होती?’

उत्तरपत्रिका तपासताना अशा प्रश्नाखाली ‘ब्राझिलिया’ हे उत्तर हमखास सापडतं. ते लिहिणाऱ्याला अवघड भाग सगळा आला होता: नीमायर ठाऊक, विमानाचा आकार ठाऊक, वर्षही ठाऊक. गुण मात्र गेला, कारण विचारलं होतं जुन्या राजधानीबद्दल आणि उत्तर होतं रिओ दि जानेरो. क्विझमध्ये माहिती कमी पडून जितके गुण जातात, तितकेच प्रश्न अर्धवट वाचल्यामुळे जातात. म्हणून पाठांतराच्या आधी वाचायची पद्धत बसवायला हवी.

प्रश्न शेवटाकडून वाचा

पडद्यावर प्रश्न आला की आधी शेवटच्या वाक्याकडे बघा आणि उत्तर कोणत्या जातीचं आहे ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाका: व्यक्ती, गाव, देश, वस्तू, वर्ष की शब्द. एवढं लिहायला दोन सेकंद लागतात. त्यानंतर वरून खाली वाचत या आणि प्रत्येक तपशील तिथे का घातला आहे, हे विचारा. चांगला प्रश्नकर्ता उगाच शब्द घालत नाही. काही शब्द तुम्हाला उत्तराकडे नेण्यासाठी असतात, तर काही दुसरं एखादं उत्तर बरोबर ठरू नये म्हणून. दुसऱ्या प्रकारचे शब्द नवख्याच्या नजरेतून सुटतात.

‘मुख्य भूमीवरील’ हा असाच एक शब्द. भारताच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक कन्याकुमारी. ‘मुख्य भूमी’ म्हटलेलं नसेल तर उत्तर ग्रेट निकोबार बेटावरचा इंदिरा पॉइंट. ‘सर्वात मोठं सरोवर’ म्हटलं तर कॅस्पियन समुद्र. ‘गोड्या पाण्याचं, क्षेत्रफळाने’ म्हटलं तर सुपीरियर आणि ‘पाण्याच्या साठ्याने’ म्हटलं तर बैकल. सर्वात उंच शिखर समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजलं तर हवाईमधलं मौना केआ, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूरचं शिखर हवं असेल तर इक्वेडोरमधलं चिम्बोराझो. ‘उष्ण’ हा शब्द असेल तर सहारा, नसेल तर सर्वात मोठं वाळवंट अंटार्क्टिका. ‘सर्वाधिक प्रमाणवेळा असलेला देश’ म्हटल्यावर जीभ रशियाकडे वळते, पण रशियात त्या अकरा आहेत. फ्रान्सचे समुद्रापारचे प्रदेश धरले तर तिथे बारा होतात. ‘सर्वात’, ‘पहिला’ किंवा ‘एकमेव’ दिसला की त्याच्या आगेमागे कोणती अट आहे ती शोधा. अट सापडली नाही, तर प्रश्नकर्त्याला विचारायला लाजू नका. उत्तर देण्याआधी खुलासा मागणं नियमात बसतं.

उत्तर सुचलं की ते प्रत्येक तपशिलावर लावून बघा. चारांपैकी तीन तपशील जुळतात आणि चौथा जुळत नाही, असं झालं तर चौथा महत्त्वाचा. उदाहरणार्थ: ‘कोल्हापुरात जन्मलेल्या या व्यक्तीने १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत एक पुरस्कार घेतला आणि २०१२ मध्ये ती ट्रॉफी सुरक्षित राहावी म्हणून संस्थेकडे परत दिली.’ कोल्हापूर आणि चित्रपट म्हटल्यावर डोक्यात दिग्दर्शकांची रांग उभी राहते. पण ‘यांच्यासोबत’ या शब्दावर थांबा. पुरस्कार विभागून मिळाला आहे आणि सोबतचा माणूस परदेशी आहे. परत देण्याइतकी ही ट्रॉफी जपून ठेवण्यासारखी आहे, म्हणजे ऑस्कर. १९८३ च्या सोहळ्यात भारताशी संबंधित चित्रपट होता ‘गांधी’. त्यातले भारतीय कपडे आणि ब्रिटिश गणवेश हे काम दोघांनी वाटून केलं असणार, हा अंदाज इथपर्यंत आल्यावर सहज करता येतो. मग उत्तर उरतं एकच: वेशभूषाकार भानू अथय्या, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. नाव आधीपासून ठाऊक असण्याची गरज असतेच, पण ते कुठून बाहेर काढायचं ती वाट प्रश्नातच असते.

भूगोल: चौकट पाठ, बाकीचं हिशेबाने

भूगोलाचे बरेच प्रश्न सोडवता येतात, आठवावे लागत नाहीत. हे एका प्रश्नावर नीट बघू. ‘विषुववृत्त आणि मकरवृत्त ही दोन्ही ज्यातून जातात असा एकमेव देश कोणता?’

आफ्रिकेपासून सुरुवात करा. विषुववृत्त पश्चिमेकडून गॅबन, काँगो, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, युगांडा, केनिया, सोमालिया या देशांतून जातं. मकरवृत्त नामिबिया, बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका, मोझांबिक या देशांतून जाऊन पुढे मादागास्कर ओलांडतं. दोन्ही याद्यांत एकही नाव सारखं नाही. आशियाकडे विषुववृत्तावर इंडोनेशिया आहे, पण मकरवृत्त त्याच्या खूप खाली ऑस्ट्रेलियातून जातं. उरलं दक्षिण अमेरिका. विषुववृत्तावर इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील. मकरवृत्तावर चिली, अर्जेंटिना, पॅराग्वे, ब्राझील. उत्तर मिळालं. यात फक्त दोन रेषा पाठ लागल्या आणि त्याच दोन रेषांवर आणखी कितीतरी प्रश्न सुटतात.

तेव्हा आधी ही चौकट पक्की करा. विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त कुठून जातात ते. भारतात कर्कवृत्त आठ राज्यांतून जातं: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. महाराष्ट्राचं उत्तर टोक साधारण २२ अंशांवर संपतं, म्हणून तो या यादीत नाही. पर्यायांत महाराष्ट्र असला तर बिनधास्त खोडा. समुद्रातल्या रेषाही यादीत घ्या: अंदमान आणि निकोबारच्या मध्ये १० अंश खाडी, मिनिकॉय आणि उरलेल्या लक्षद्वीपच्या मध्ये ९ अंश, मिनिकॉय आणि मालदीवच्या मध्ये ८ अंश. उत्तरेकडून दक्षिणेकडे आकडा उतरत जातो हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

मग शेजार. चीन आणि रशिया, दोघांच्याही सीमेला प्रत्येकी चौदा देश. दक्षिण अमेरिकेत चिली आणि इक्वेडोर सोडून सगळ्यांची सीमा ब्राझीलला लागते. लेसोथो, सॅन मरिनो आणि व्हॅटिकन हे एकाच देशाने पूर्ण वेढलेले तीन. समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात असे देश दोनच: उझबेकिस्तान आणि लिश्टेनस्टाइन. हे चार मुद्दे आले की ‘समुद्रकिनारा नसलेला’, ‘सीमा न लागणारा’ अशा धर्तीचे प्रश्न बरेचसे आवाक्यात येतात.

नकाशा शिकायचा तर कोऱ्या नकाशावरच. नावं छापलेला नकाशा कितीही वेळ बघितला तरी डोळ्यांना ओळख होते, हाताला होत नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य, शिवाय व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन, असे १९५ देश एका बैठकीत घ्यायचे नाहीत. बारा ते पंधरा देशांचे गट पाडा. दक्षिण अमेरिकेच्या बारा देशांपासून सुरुवात करा, म्हणजे लवकर यश मिळतं. मग मध्य आशियाचे पाच, मध्य अमेरिकेचे सात. आफ्रिका ५४ देशांची, तिचे चार तुकडे करा. पश्चिम आफ्रिका शेवटी ठेवा, तिथे छोटे देश दाटीने बसले आहेत आणि चुका तिथेच होतात. कोऱ्या नकाशावर नावं लिहा, तपासा, जी चुकली तेवढीच दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा, मग आठवड्याने, मग महिन्याने.

राजधान्यांची आख्खी यादी घोकण्यापेक्षा ‘सर्वात मोठं शहर राजधानी नाही’ अशांची वेगळी यादी करा, कारण विचारलं जातं तेच. ऑस्ट्रेलिया कॅनबेरा, कॅनडा ओटावा, तुर्कस्तान अंकारा, न्यूझीलंड वेलिंग्टन, मोरोक्को रबात, नायजेरिया अबुजा, म्यानमार नेपिडॉ. स्वित्झर्लंडसाठी बर्न, झुरिच किंवा जिनिव्हा नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या तीन राजधान्या: प्रिटोरिया, केप टाउन, ब्लूमफाँटेन. बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी सुक्रे, सरकार बसतं ला पाझमध्ये. शेवटच्या दोघांच्या बाबतीत प्रश्नाचे शब्द पुन्हा एकदा वाचा.

झेंड्यांबद्दल थोडक्यात: चौकोनी नसलेला एकच राष्ट्रध्वज नेपाळचा. पूर्ण चौरस दोन, स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकन. रोमानिया आणि चाड जवळपास एकसारखे, इंडोनेशिया आणि मोनाको तसेच. स्वतःचा नकाशा झेंड्यावर असलेला देश विचारला तर आधी सायप्रस आठवा.

शिळी उत्तरं

भूगोलाची तयारी करणाऱ्यांचा सर्वात मोठा घात जुनी पुस्तकं करतात. उत्तर एके काळी बरोबर असतं, म्हणून ते डोक्यात घट्ट बसलेलं असतं. क्षेत्रफळाने आफ्रिकेतला सर्वात मोठा देश सुदान होता. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा झाला आणि तेव्हापासून उत्तर आहे अल्जेरिया. भारतातलं क्षेत्रफळाने सर्वात मोठं राज्य मध्य प्रदेश होतं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड निघालं आणि राजस्थान पुढे आलं. महाराष्ट्र तिसरा. स्वाझिलंडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं, मॅसेडोनियाचं २०१९ मध्ये उत्तर मॅसेडोनिया. कझाकस्तानच्या राजधानीचं अस्तानाचं नूर-सुलतान झालं २०१९ मध्ये आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. इथे जुनं पुस्तक बरोबर आणि मधलं चूक, असा उलटा प्रकार आहे.

घराजवळचंही तपासा. राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश आठ ही आजची स्थिती. जम्मू-काश्मीर आणि लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला केंद्रशासित झाले तेव्हा प्रदेशांची संख्या नऊ झाली होती, मग २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र झाले आणि ती आठवर आली. महाराष्ट्र १ मे १९६० ला स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. कोणता कुठून निघाला हे जोडीने लक्षात ठेवा: रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, औरंगाबादमधून जालना, उस्मानाबादमधून लातूर, चंद्रपूरमधून गडचिरोली, अकोल्यातून वाशीम, धुळ्यातून नंदुरबार, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर. मुंबई उपनगर धरून दहा पूर्ण होतात. यातल्या दोन मूळ जिल्ह्यांची नावं आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी आहेत. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. प्रश्न जुन्या काळाबद्दल असेल तर जुनं नाव चालतं, तरी उत्तरात आजचं नाव सांगणं जास्त सुरक्षित.

भारताचा समुद्रकिनारा हे याचं सर्वात चांगलं उदाहरण. पिढ्यान्‌पिढ्या ७५१६.६ किलोमीटर पाठ झालेले. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटरच्या पुढे गेला आहे. जमीन वाढलेली नाही, मोजणी बारीक झाली आहे. मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात प्रत्येक खाडी आणि खाच मोजली जाते, त्यामुळे लांबी वाढते. हे कारण माहीत असलं की ‘जमीन न वाढताही हा आकडा का वाढला?’ असा प्रश्न आला तरी अडत नाही. वहीत प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहायची सवय लावा.

मनोरंजन: कोणाचं काम, कोणतं वर्ष, कोणती जागा

चित्रपट आणि गाण्यांच्या प्रश्नांत माहितीचा साठा अफाट असतो, पण चुका ठरावीक तीन ठिकाणी होतात.

पहिली जागा: काम कोणाचं. गाणं म्हटलं की गीतकार, संगीतकार, गायक आणि पडद्यावरचा चेहरा अशी चार माणसं येतात. डोळ्यांसमोर येतो तो चेहरा, कानात येतो तो गायक, आणि प्रश्नकर्त्याला हवा असतो बहुधा गीतकार. ‘गीतरामायण’ घ्या: १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, ५६ गीतं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. पण आकाशवाणीवरच्या मूळ मालिकेत गायक अनेक होते. म्हणून ‘गीतरामायण कोणाचं’ या प्रश्नाला बाबूजी की गदिमा, हे प्रश्नातल्या क्रियापदावर ठरतं. ‘रचलं’, ‘स्वरबद्ध केलं’, ‘गायलं’ यापैकी कोणतं आहे ते बघा. कोणत्याही गाण्याची नोंद करताना चारही नावं एका ओळीत लिहा, एकटं नाव लिहू नका.

टोपणनावं याच खणात येतात. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले आणि केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे. या चौघांची अदलाबदल वारंवार होते, म्हणून जोड्या लावूनच पाठ करा. पडद्यावरच्या नावांतही तसंच: दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान, रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. प्रश्नात अनोळखी पूर्ण नाव आलं, तर ते कोणाचं तरी मूळ नाव असावं असं धरून चाला.

दुसरी जागा: वर्ष. पुरस्काराच्या प्रश्नात तीन वर्षं असू शकतात: चित्रपट तयार झाल्याचं, प्रदर्शनाचं आणि सोहळ्याचं. ऑस्करचा सोहळा पुढच्या वर्षी होतो. ‘गांधी’ १९८२ चा, सोहळा एप्रिल १९८३ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वर्षाप्रमाणे धरले जातात, म्हणून २००४ मध्ये चित्रपटगृहात आलेल्या ‘श्वास’ला २००३ सालासाठीचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’ १९५३ चा, त्याला मिळालेलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ मध्ये दिलं गेलं. तारीख विचारली तर कोणत्या घटनेची, हे आधी ठरवा.

वर्षं पाठ करायची तर मोजके खुंटे रोवा आणि बाकी त्यांच्या पुढेमागे टांगा. १९१३ ‘राजा हरिश्चंद्र’, गिरगावचं कॉरोनेशन चित्रपटगृह. १९३१ ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट. १९३२ ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट. १९५९ दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण, १९७२ मुंबई केंद्र, १९८२ रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीच्या आशियाई स्पर्धा. २००० ‘कौन बनेगा करोडपती’. प्रश्नात ‘घराघरांत रंगीत टीव्ही नवा होता तेव्हा’ असं काही आलं की तुम्ही १९८२ च्या आसपास उभे आहात, आणि तिथून दोन-चार वर्षं मागेपुढे चाचपडणं सोपं असतं.

तिसरी जागा म्हणजे जागाच. कथा कुठे घडते आणि चित्रीकरण कुठे झालं, या दोन वेगळ्या गोष्टी. ‘शोले’चं गाव रामगढ, चित्रीकरण कर्नाटकातल्या रामनगरला. ‘स्वदेस’चं गाव चरणपूर काल्पनिक, घाट मात्र वाईजवळच्या मेणवलीचा, नाना फडणवीसांनी बांधलेला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतलं किंग्ज लँडिंग शहर पाहायचं तर क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जावं लागतं. भूगोल आणि मनोरंजन जिथे भेटतात ती ही जागा, आणि प्रश्नकर्त्यांची ती आवडती आहे. एखादं ठिकाण पाहून आलात किंवा एखादा चित्रपट आवडला, तर तो कुठे चित्रित झाला एवढं बघून ठेवा. पुण्यातली चित्रपट संस्था आज जिथे आहे तिथे पूर्वी प्रभात स्टुडिओ होता, आणि प्रभात त्याआधी कोल्हापुरात होती. अशा एका फंड्यातून, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यातून, तीन वेगवेगळे प्रश्न निघतात.

चित्रांची जोडणी

‘कनेक्ट’ म्हणजे चार-पाच चित्रं देऊन त्यांच्यातला दुवा विचारायचा. समजा पडद्यावर देवदार वृक्ष, मेपलचं पान, निवडुंगावर बसलेला गरुड आणि अंगकोर वाट आहेत. पहिली दोन बघून सगळी टीम ‘झाडं’ म्हणून धावते. मंदिर तिथे बसत नाही. कनेक्टमध्ये न बसणारं चित्र हीच किल्ली असते. सर्वात विचित्र चित्र धरा आणि ते जगात कुठे कुठे दिसतं याची यादी करा. अंगकोर वाट कंबोडियात आहे आणि कंबोडियाच्या झेंड्यावरही आहे. मग देवदार लेबनॉनच्या झेंड्यावर, मेपल कॅनडाच्या, गरुड मेक्सिकोच्या. दुवा सापडला की ‘पाचवं काय असू शकेल’ हेही लगेच ठरवा, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. इथे एके-४७ चालेल, ती मोझांबिकच्या झेंड्यावर आहे.

दुवा सांगताना नेमका सांगा. ‘देश’ हे उत्तर पुरत नाही, ‘राष्ट्रध्वजांवरची चिन्हं’ असं हवं.

टीममध्ये बसल्यावर

प्राथमिक फेरी लेखी असते, बहुधा २५ ते ३० प्रश्नांची. उणे गुण नसतील तर एकही जागा रिकामी सोडू नका. लिहिणारा एकच असावा. प्रत्येकाने सुचलेलं पहिलं उत्तर लगेच कोपऱ्यात लिहून घ्यावं, कारण चर्चेत ते हरवतं आणि नंतर बरोबर निघतं तेच. मतभेद झाला तर आवाज मोठा असणाऱ्याचं नव्हे, कारण सांगू शकणाऱ्याचं उत्तर घ्या. तारांकित प्रश्नांवर बरोबरी सुटते, म्हणून त्यांना जास्त वेळ द्या.

अंतिम फेरीत ‘पाउन्स’ असतं: तुमचा क्रम येण्याआधी चिठ्ठीवर उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर अधिक १०, चुकलं तर उणे ५ असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. पाउन्स न केल्यास, आधीचे संघ चुकून प्रश्न फिरत फिरत तुमच्याकडे येईपर्यंत थांबायचं, आणि तेव्हा चुकलं तरी गुण जात नाहीत. हा साधा हिशेब आहे. उत्तराबद्दल खात्री निम्मी असेल, तर पाउन्सवर सरासरी अडीच गुण मिळतात. थांबलात तर प्रश्न तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता मोजावी लागते. ती निम्म्याहून जास्त असेल तरच थांबणं फायद्याचं. सात संघांत तुम्ही सहावे असाल तर ती बरीच कमी असते, तेव्हा पाउन्स करा. लगेच पुढचाच क्रम तुमचा असेल आणि प्रश्न अवघड असेल तर थांबा. खात्री ऐंशी टक्के असेल तर जवळजवळ नेहमीच पाउन्स करावं. खात्री एक तृतीयांशाहून कमी असेल तर कधीच नाही, कारण तिथे सरासरी शून्याखाली जाते. चुकीला उणे १० असतील तर ही मर्यादा एक तृतीयांशावरून पन्नास टक्के खात्रीपर्यंत वर जाते. नियम सांगितले जात असताना हे आकडे लिहून घ्या. भरात आल्यावर आठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मोजायला विसरू नका: तुम्हाला उत्तर सहज आलं असेल तर तुमच्या आधीच्या संघांनाही ते आलं असण्याची शक्यता जास्त.

उत्तर देताना

मागितलं तेवढंच द्या. आडनाव पुरत असेल तर आडनावच. पहिलं नाव जोडलंत आणि ते चुकलं, तर बरोबर आडनावही बाद होतं. पण आडनावाने माणूस ठरत नसेल तर पूर्ण नाव द्यावंच लागतं: नुसतं ‘मंगेशकर’ म्हटल्यावर लता, आशा, उषा, मीना, हृदयनाथ यांपैकी कोण? देशांतही असे सापळे आहेत. काँगो दोन आहेत, किन्शासा आणि ब्राझाव्हिल या त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. गिनी, गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी आणि पापुआ न्यू गिनी हे चार वेगळे देश. नायजर आणि नायजेरिया, डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया. चिठ्ठीवर घाईत ‘नायजे’ एवढंच वाचता आलं तर गुण मिळत नाही. जॉर्जिया लिहिलंत तर कंसात देश की अमेरिकेतलं राज्य ते लिहा.

बरोबरी झाली तर

शेवटी दोन संघ समान गुणांवर आले की बऱ्याचदा आकड्याचा प्रश्न येतो: जो जवळ तो जिंकला. इथे आकडा मनातून फेकायचा नाही, ओळखीच्या मापावरून काढायचा. समजा विचारलं, ‘मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत किती किलोमीटर?’ अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई १९ अंशांवर, दिल्ली साडेअठ्ठावीसच्या थोडी वर, म्हणजे फरक जवळपास साडेनऊ अंशांचा: साधारण १०६० किलोमीटर उत्तरेला. रेखांशात मुंबई ७३ च्या जरा आत, दिल्ली ७७ च्या जरा पुढे, म्हणजे सव्वाचार अंशांहून थोडं जास्त. या भागात रेखांशाचा अंश सुमारे १०२ किलोमीटरचा, म्हणजे ४४० किलोमीटर पूर्वेला. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर ११५० च्या आसपास येतं आणि खरं अंतरही तेवढंच आहे. रस्त्याचं अंतर यापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून उत्तर लिहिण्याआधी ‘सरळ रेषेत’ हे शब्द प्रश्नात आहेत ना, ते बघा.